घोंगडीवाला आणि सुकाआबाचं तांबं

किस्से काही गोळा करायला जावं लागत नाही भो. कापसाच्या खोलीतून बाहेर आलं की अंगाला रुई चिकटलेली असते ना, तसे ते चिकटतात. कितीही झटका, दोन-चार राहतातच. आमच्या तिघांच्या अंगाला जे चिकटले ते सगळे एकाच उद्योगाचे. आम्ही एक थ्रिलर काढली होती. लिहिली नाही, बोललो. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करायचा आणि गावाच्या ग्रुपवर टाकायचा. नाव 'घोंगडीवाला'.

बाकीचे किस्से मी पारावर हसत हसत सांगतो. सुकाआबाचा सांगत नाही. सुकाआबा म्हणजे आमच्या गावातला मोटार भरणारा. विहिरीवरची मोटार जळाली की तिच्यातली जुनी तांब्याची तार काढायची आणि नवी भरायची, हा त्याचा धंदा. आमच्या गोष्टीपायी त्याचं दुकान आणि त्याचं नाव, दोन्ही जायला निघालं होतं. आज तोही सांगतो. पण आधी हसून घ्या. आम्हीबी आधी हसूनच घेतलं होतं.

*

तिघं म्हणजे एक मी, मयऱ्या, दहावीच्या गणितानं दोनदा परत पाठवलेला. दुसरा राक्या, लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवतो. तिसरा चेत्या, किराणावाल्या शेठचा पोरगा. त्याचे पणजोबा राजस्थानातून आले म्हणतात, पण चेत्या खान्देशीत शिव्या आमच्यापेक्षा चांगल्या देतो.

सुरुवात चेत्याच्या दुकानात झाली. शेठ पुड्या बांधायला धुळ्याहून रद्दी आणायचे. त्यात जुन्या रहस्यकथा यायच्या. शाळेचं पुस्तक मी कधी पूर्ण वाचलं नाही, पण ह्या मात्र दुकानातल्या पोत्यांवर बसून वाचायचो. एकच घोळ होता. शेठ पुस्तक मागून फाडायचे. त्यामुळं पहिलं जायचं ते शेवटचं पान. म्हणजे खुनी कोण ते मोहरीत गेलं, नाहीतर धन्यात.

एकदा अशीच एक कादंबरी, लय रंगात आलेली. बंगल्यात प्रेत, पाच जण खोलीत, दिवा जातो, आणि पान संपलं. चेत्यानं आठवलं, "शेवटची पुडी अक्का घेऊन गेल्या. जिऱ्याची."

अक्का म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या. तिघं पळत त्यांच्या दारात.

"अक्का, जिऱ्याची पुडी फेकली का?"

"कसाले रे? जिरं खराब शे का?"

"जिरं चांगलं आहे. कागद पाहिजे. खुनी कोण ते त्याच्यात आहे."

अक्कांनी आमच्याकडं नीट बघितलं. उठल्या, दार लावलं, आतून कडी घातली. मग खिडकीतून म्हणाल्या, "आमना घरमा कोनी खुनी नही शे. पुढला घर देखा."

*

शेवट मिळेनात म्हणून आम्हीच शेवट लावायला लागलो. आणि आम्हाला एकच शेवट सुचायचा. पोलीस नाही, कोर्ट नाही, साक्षीदार नाही. एक माणूस येतो, गुन्हेगाराला धरतो आणि तिथंच धडा शिकवतो. काम झटपट. साक्षीदार लिहायचे म्हणजे त्यांना नावं द्यावी लागतात, कोण घेणार तो ताप.

त्या माणसाला तोंड झाकायला काहीतरी पाहिजे होतं. मास्क कुठून आणणार? राक्याच्या बापाची काळी घोंगडी होती. झाला घोंगडीवाला.

रेकॉर्डिंग राक्याच्या घरच्या मधल्या खोलीत. ती खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली असायची. आत शिरून बसलं की बाहेरचा आवाज बंद, आतला घुमत नाही, एकदम स्टुडिओ. फक्त खाज सुटते. कापसाच्या खोलीत बसलेल्याला विचारा, कसली खाज ती.

घोंगडीवाल्याचा एक डायलॉग होता. प्रत्येक भागाच्या शेवटी मी तो खर्जात म्हणायचो, "हिशोब... इथंच... मिटवायचा."

लोक वेडे झाले त्याच्यावर. केस कापणारा म्हणे, "काय थांबतो रे तू मधी. काळीज हलतं." गावातली पोरं तसंच थांबून थांबून बोलायला लागली. मास्तरनं गृहपाठ विचारला तर म्हणायची, "उद्या... नक्की... आणतो."

आता खरं सांगतो. त्या दोन थांब्यांत मी मांडी खाजवत होतो.

*

पहिली शिकार लेडीज टेलर नाना. नानाचं असं, की लग्नासाठी दिलेला ब्लाउज बारशाला मिळणार. आम्ही नाव घेतलं नाही. नुसतं म्हटलं, 'एक टेलर, गळ्यात टेप आणि तोंडात उद्या.' भागात घोंगडीवाला त्याला धरतो, त्यानंच शिवलेला घट्ट ब्लाउज त्याला घालतो आणि बसस्टँडवर उभा करतो. गुंड्या तुटतात त्याचा आवाज राक्यानं तोंडानं काढला.

दुसऱ्या दिवशी नानाचं मशीन सकाळपासून चालू. आठवड्यात गावातले सगळे ब्लाउज घरपोच. माझी आई म्हणे, "ह्या घोंगडीवाल्याचं भलं होवो." मी भाकरी खाता खाता खाली बघून हसलो. आपल्या बोलण्यानं माणूस सुधारतो, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे मला तसं वाटलं.

घाईत नानानं सगळ्यांचे ब्लाउज सगळ्यांच्या घरी दिले होते, फक्त कुणाचा कुणाला ते बघितलं नव्हतं. पण त्याचा दोष कुणी घोंगडीवाल्याला दिला नाही.

*

मग फर्माइशी यायला लागल्या. त्याच अक्का, ज्यांनी कडी लावली होती, त्या एका दुपारी ताट घेऊन माझ्या घरी. ताटात वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, वर हिरव्या कांद्याची पात.

"बेटा मयूर," अक्का म्हणाल्या. आमच्या गल्लीत मला मयूर म्हणणारं कुणी नाही. "तुना तो घोंगडीवाला बायासले धरस का?"

"कुणाला धरायचं आहे?"

"मनी जाऊ. आखाजीले मनं खापर लयी गयी, मांडा करासाठे. आजून दिनं नही."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खापर म्हणजे चुलीवर पालथं घालायचं मातीचं भांडं, त्यावर मांडे होतात, म्हणजे आमच्याकडची मोठी पुरणपोळी. खापर कुणी परत देत नाही म्हणजे गुन्हा गंभीरच. मी भरीत खाल्लं आणि भाग केला. घोंगडीवाला एका खापरचोर बाईला केळीच्या बागेत उलटी टांगतो.

संध्याकाळी ती जाऊ आली. तीही ताट घेऊन. म्हणे, "खापर मनंच शे. तीच लयी गयी व्हती, मी मनं परत आनं. आते तिले टांग." मी तेही भरीत खाल्लं आणि दुसऱ्या भागात अक्कांना टांगलं.

दोन्ही भाग दोघींनी एकत्र बसून ऐकले. कुणाच्या ओट्यावर माहीत नाही, पण हसण्याचा आवाज आमच्या घरापर्यंत. मग दोघी माझ्या दारात आल्या. मला वाटलं तिसरं ताट. अक्का म्हणाल्या, "बायासना भांडनमा पडस का रे, मेल्या? आमनं आम्ही देखी लिसूत. ताट दे आते दोन्ही."

ताटं घासलेली पण नव्हती. घासून दिली.

*

एक दिवस जमादारांचा निरोप आला. आमच्याच गावात राहतात, ड्यूटी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात. "त्या गोष्टवाल्या पोरांना घरी पाठवा."

चेत्यानं जाताना शेठच्या पाया पडून घेतलं. मी म्हटलं, काही झालं तर सांगू की आवाज आमचा नाही.

जमादार बनियनवर ओट्यावर बसले होते. पायाशी मोबाईल, त्यात आमचाच भाग चालू. संपेपर्यंत त्यांनी आम्हाला उभं ठेवलं. मग म्हणाले, "मी सगळे ऐकतो तुमचे. चांगले असतात. एकच सांगायचं होतं. प्रत्येक वेळी गुन्हेगाराला तो टांगून जातो आणि मग पोलीस येतात. बायको ऐकते रे घरात. पोरं ऐकतात. एकदा तरी आम्हाला वेळेवर पोचवा."

पुढच्या भागात आम्ही पोलिसांना घोंगडीवाल्याच्या आधी पोचवलं. जीप, सायरन, सगळं.

ग्रुपवर पहिला मेसेज आला, "गोष्ट चांगली चालली होती. आता काहीपण दाखवायला लागले."

*

उन्हाळ्यात गिरणा नदीकाठच्या विहिरींवरून केबली जायला लागल्या. केबलीत तांबं असतं, चोर ते भंगारात विकतात. केबल गेली की मोटार बंद, मोटार बंद की केळी माना टाकते. राक्याच्या बापाची दोनदा गेली. दुसऱ्या वेळी तो माणूस विहिरीच्या कठड्यावर बसला होता आणि कापलेलं टोक हातात धरून नुसता बघत होता.

ग्रुपवर लोक पेटले होते. "घोंगडीवाला झोपला का?" "एक भाग ह्या केबलचोरावर होऊन जाऊ द्या." "टांगा त्याला."

आम्ही कापसाच्या खोलीत बसलो. चोर कोण ते आम्हाला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. पण गोष्टीला चोर लागतो.

चेत्या म्हणाला, "नियम काय आहे? ज्याच्यावर कुणाचाच संशय नसतो, शेवटी तोच निघतो."

"हा," राक्या म्हणाला. "डॉक्टर नाहीतर म्हातारा नोकर."

"मग आपल्या गावात असा कोण आहे? ज्याच्यावर सात जन्मात संशय येणार नाही असा?"

तिघांच्या तोंडून एकदमच निघालं, "सुकाआबा."

आणि आम्ही टाळी दिली.

आबा कसा, तर लग्नाला बाहेरगावी जाणारी माणसं घराची चावी त्याच्या दुकानात खिळ्याला लावून जातात. भिंतीवर खिळ्यांची रांगच आहे. कुणाची चावी कोणती, तो कधी चुकला नाही. असा माणूस. म्हणूनच तो बसत होता गोष्टीत. आमचा त्याच्यावर संशय नव्हता भो, एक टक्काही नव्हता. संशय नव्हता म्हणूनच त्याला निवडला. हे मी कितीदा तरी मनात मांडून बघितलं आहे. दरवेळी शेवटी आहे तिथंच येतं.

मग पुरावे जुळवले. तांबं तर दुकानात असतंच. जळालेल्या मोटारीतली तार सुटी व्हावी म्हणून आबा दुकानामागं जाळ करतो, त्याचा काळा धूर निघतो. तिथून भाग सुरू केला. 'गावाच्या टोकाला रोज संध्याकाळी एक काळा धूर उठतो. कुणी विचारत नाही, तिथं काय जळतं?' नाव घेतलं नाही. 'नखांत तांबं असलेला म्हातारा' एवढंच. शेवटी घोंगडीवाला त्याच्या डोक्यावर घोंगडी टाकतो, नदीकडच्या रस्त्यावर लाईटच्या खांबाला बांधतो आणि म्हणतो, हिशोब इथंच मिटवायचा.

राक्यानं हळूहळू ढोल वाजवला. मी म्हटलं, हा आपला बेस्ट.

*

तो भाग पार पहूरपर्यंत गेला म्हणे. चेत्याच्या मामाला वरणगावात कुणीतरी ऐकवला.

शेठनी मात्र ऐकला आणि चेत्याला गल्ल्यावरून उठवलं.

"सुकाआबाला चोर केलं तुम्ही?"

"नाव कुठं घेतलं पप्पा?"

"अरे, हळदीच्या पुडीवर मी नाव लिहितो का? तरी हात पिवळा होतो ना?"

चेत्यानं आम्हाला हे सांगितलं तेव्हा आम्ही म्हटलं, तुझे पप्पा पण ना. गोष्ट आहे ती. लोकांना कळतं गोष्ट आहे ते.

मग एक जण आबाच्या दुकानात गेला आणि म्हणाला, "आबा, ती चावी द्या जरा, पाहुणे येणार आहेत." दुसरा गेला, म्हणे कुलूपच बदललं. तिसऱ्यानं पोराला पाठवलं. मोटारी भडगावला जायला लागल्या. आबानं विचारलं तर म्हणायचे, "घाई होती आबा." भडगावला जाऊन मोटार भरून यायला दुप्पट वेळ लागतो, तरी घाई होती.

मी त्या रस्त्यानं जायचो तेव्हा आबा दारात बसलेला असायचा, आणि मागं भिंतीवर नुसते खिळे.

*

बाजाराचा दिवस होता. दिवेलागणीला ग्रुपवर व्हिडिओ आला. खाली लिहिलेलं, 'ओरिजिनल घोंगडीवाला'. उघडायच्या आधी छोटं चित्र दिसतं ना, त्यात एक खांब, खांबाला घोंगडी. मला वाटलं पोरांनी आपल्या गोष्टीची अ‍ॅक्टिंग केली. मी एकदम खूश. न बघताच हसून लोळणारा चेहरा टाकला. पूर्ण ग्रुपमध्ये पहिला माझाच.

मग उघडला.

घोंगडीखाली धोतर होतं. धोतराखाली चपला. एका चपलेचा तुटलेला पट्टा तांब्याच्या तारेनं शिवलेला. गावात चपलेला तांब्याची तार लावणारा एकच माणूस आहे. चार-पाच जण होते, तोंडाला रुमाल. कुणीतरी खर्जात म्हणालं, "हिशोब... इथंच... मिटवायचा."

बरोबर माझ्या जागी थांबून.

मी आणि राक्या नदीच्या रस्त्यानं पळत गेलो. तोवर एका दूधवाल्यानं दोरी सोडली होती. आबा खांबाच्या बुडाशी बसला होता आणि जमिनीवर चाचपडत होता. आम्हाला बघून म्हणाला, "कोन? मयूर का? मना चष्मा देख ना रे भो. घोंगडीसंगे कोठे पडी गया ते."

आम्ही दोघं गुडघ्यावर बसून चष्मा शोधला. राक्याला सापडला. आबाचा उजवा हात मनगटाशी काळानिळा होता, बोटं सुजून एकमेकांना लागलेली. तार भरायचा हात. डाव्या हातानं त्यानं चष्मा घातला, आमच्याकडं नीट बघितलं आणि म्हणाला, "भलं व्हवो तुमनं पोरेसहो."

राक्या तिथंच रडला. मी नाही रडलो. मी मोबाईल काढला, तो हसरा चेहरा काढून टाकायला. पण माझ्यामागं लोकांचे इतके हसरे चेहरे लागले होते की माझा सापडेना.

*

जमादार स्वतः आबाकडं गेले. तक्रार द्या म्हणाले, मी धरतो एकेकाला. आम्ही समोरच्या ओट्यावरून ऐकत होतो. आबा म्हणाला, "तोंड देखं नही मी. जे देखं नही, तेन्हं नाव कसं सांगू?"

"अंदाज असेल की आबा. आवाजावरून."

"अंदाजवर नाव लेवाले मी काय गोष्ट सांगी ऱ्हायनू का?"

जमादारांनी आमच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

आम्ही माफीचा भाग केला. घोंगडीवाला त्या म्हाताऱ्याच्या दारात येतो, घोंगडी काढतो, पाया पडतो, म्हणतो, चोर तुम्ही नव्हता, चूक माझी. मी पहिल्यांदा डायलॉग न थांबता बोललो. चेत्यानं सांगितलं म्हणून आबाचं नावसुद्धा घेतलं, यावेळी सरळ.

तो भाग पहूरला गेला नाही. गल्लीच्या बाहेरसुद्धा गेला नाही. नानानं लिहिलं, "आवाज कमी येतो." कुणी लिहिलं, "आज मारामारी नाही का?" एकानं लिहिलं, "घोंगडीवाला म्हातारा झाला. बंद करा." आणि एकानं, त्याचं नाव मी सांगत नाही, "पुढच्या भागात आबाला परत धरा, मजा आली होती."

आम्ही बंद केलं.

नंतर खरे चोर सापडले, दुसऱ्याच तालुक्यात, गाडीसकट. ग्रुपवर बातमी आली. खाली चार अंगठे आले आणि मग कुणाची तरी म्हैस विकायची होती ते आलं. आबाचं नाव कुणी काढलं नाही. राक्यानं हिंमत करून लिहिलं, "म्हणजे आबा निर्दोष होता." त्याला एकानं उत्तर दिलं, "तो तर होताच. आम्ही कुठं काय म्हटलं?"

*

केळीला पाणी तर लागतंच. भडगावच्या चकरा किती मारणार? आबाच्या बोटांची सूज उतरली तशी एकेक मोटार परत यायला लागली. लोक येताना जरा मोठ्यानं बोलत यायचे, "काय आबा, बरं का?" आबा म्हणायचा, "बरं शे. ठेवा तठे."

पण आबानं एक गोष्ट बदलली.

आमच्याकडं रिवाज असा, की मोटारीतून निघालेलं जुनं जळकं तांबं भरणाऱ्यानं ठेवायचं. मजुरी त्या हिशोबानं कमी. आबाच्या बापापासून असंच चालू होतं, कुणी कधी विचारलं नाही. आता आबा मोटारीच्या मालकाला समोर बसवतो. त्याच्या देखत जुनी तार काढतो, बारीक तुकडेसुद्धा झाडून घेतो, तराजूत टाकतो, वजन दाखवतो, प्लास्टिकच्या पिशवीत भरतो, गाठ मारतो आणि त्याच्या हातात देतो. मजुरी आहे तेवढीच. कुणी म्हणालं, "आबा ठेवा हो," तर आबा त्याच्या गाडीच्या हँडलला पिशवी लावून टाकतो.

गावात आता घरोघरी एकेक पिशवी आहे. कुणी कपाटावर ठेवली, कुणी कोठीमागं. विकायला कुणी नेत नाही. भंगारवाला ओरडत जातो तेव्हा बाया दार पुढं ओढून घेतात. अक्कांनी तर पिशवीवर ते खापर पालथं घालून ठेवलं आहे.

मागच्या महिन्यात आमची मोटार जळाली. बाप म्हणाला, "तू घेऊन जा आबाकडं. मला काम आहे." त्याला काही काम नव्हतं. तो दिवसभर ओट्यावर बसून होता.

राक्यानं आणि मी मोटार उचलून नेली. चेत्या चहा घेऊन आला, शेठनी पाठवलेला. आबानं आम्हाला तिघांना समोर बसवलं. मी घरून पाठ करून गेलो होतो काय बोलायचं ते. आबा मोटारीशीच बोलत होता. "पानी सरी गयं व्हतं विहीरमा. कोल्ली फिरनी ही." म्हणजे विहीर आटली आणि मोटार कोरडीच फिरत राहिली, म्हणून जळाली. उजव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. तार डाव्या हातानं ओढतो आणि उजव्या तळव्यानं दाबून धरतो. पूर्वी ज्या वेळात मोटार भरून व्हायची तेवढ्यात अर्धी झाली होती. तिघांपैकी कुणी मोबाईल काढला नाही.

मी दोनदा म्हणालो, "आबा..." दोन्ही वेळा तो म्हणाला, "चहा पी ले. थंडा व्हई ऱ्हायना."

भरून झाली. मग त्यानं जुनी तार घेतली. काळी, वाकडी, जळक्या वासाची. तराजूत टाकली. काटा थांबेपर्यंत थांबला. मला म्हणाला, "देख."

मी बघितलं.

त्यानं पिशवीत भरली, गाठ मारली, पुढं केली. मी हात मागं घेतले.

"आबा, राहू द्या ना. आम्हाला नको. हे तुमचंच असतं."

"व्हतं," आबा म्हणाला.

मग त्यानं माझा हात धरला, त्या न वळणाऱ्या बोटांनी, पिशवी तळव्यावर ठेवली आणि माझी बोटं एकेक करून मिटवली.

"घर ली जा," तो म्हणाला. "तुनी गोष्टमा कामले येई."